दगडांतील मासे



पनवेलच्या खाडीजवळ कामोठें म्हणून गांव आहे. एके काळीं भातखाचरें, मिठागरें आणि खाडींतील मासळी ह्यांवर जगणारें हें गांव. आज तें नव्या मुंबईच्या वस्तींत सामावून गेलें असून शीव-पनवेल रस्त्यानें जाणाऱ्यास तेथें उंच इमारतींच्या रांगांखेरीज फारसें कांहीं दिसत नाहीं. तथापि ओहोटीच्या वेळीं खाडीकडे कोणी वळला, तर काळ्या चिखलाचा पट्टा अजूनहि उघडा पडलेला दिसतो आणि त्या चिखलावर निवट्या उड्या मारीत असतात. ह्या चिखलावर एखादा मेलेला मासा पडला तर त्याचें काय होतें? बहुधा खेकडे, कावळे आणि घारी त्याचा फडशा पाडतात, व उरलेलें कुजून जातें. परंतु लाखांत एखाद्या माशाचें नशीब निराळें असतें. निवांत पाण्याच्या तळाशीं तो पडतो, बारीक गाळाचा थर त्याच्यावर लागलीच बसतो, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. आणि लाखों वर्षांनीं त्या गाळाचा दगड होतो, तेव्हां त्याच्या पोटांत माशाचा कांटा, खवले, प्रसंगीं कल्ल्यावरील झांकणसुद्धां जसेंच्या तसें राहून गेलेलें असतें.

अशा माशास अश्मीभूत मासा म्हणतात. असे मासे शोधावे, ओळखावे, आपसांत बदलावे, प्रसंगीं विकावे किंवा विकत घ्यावे, हा एक छंद आहे; आणि तो पोस्टाच्या तिकिटांच्या छंदाइतका सार्वत्रिक नसला तरी त्याहून बराच जुना आहे.

आतां कामोठ्याच्या एखाद्या मुलाला हा छंद जडला, तर त्यानें हातोडी घेऊन जावें कोठें? जवळच कर्नाळा आहे, प्रबळगड आहे. परंतु ह्या डोंगरांचा काळा दगड म्हणजे थिजलेला शिलारस होय. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून तो लोटामागून लोट असा वाहिला व त्याच्या थरांचा दख्खन बनला. भूगर्भशास्त्रज्ञांना पनवेलचें नांव ठाऊक आहे तेंहि ह्याच थरांमुळें. घाटावर आडवे पसरलेले हे थर पनवेलच्या आसपास समुद्राकडे वांकून खालीं उतरतात, आणि त्या वांकास त्यांच्या ग्रंथांत ‘पनवेल फ्लेक्शर’ असेंच म्हणतात. उकळत्या शिलारसांत मासा टिकावा ही अपेक्षाच व्यर्थ आहे. म्हणून कामोठ्याच्या मुलानें कर्नाळ्याचा दगड कितीहि फोडला तरी त्यांत मासा मिळणार नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

त्याला जें मिळेल त्यानें तो फसण्याचा मात्र संभव आहे. ह्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत झिओलाइट नांवाचे पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक असतात. बोरघाटांत लोहमार्गाचे बोगदे खणतांना त्यांचे सुंदर नमुने निघाले, आणि आज पुणें-नाशिकच्या बाजूच्या खाणींतील असे स्फटिक जगभर विकले जातात. एखाद्या पोकळींत ते पंख्याप्रमाणें उमललेले दिसतात व नवशिक्यास माशाचें शेंपूट सांपडल्याचा भास होतो. दुसरा भ्रम मँगनीजच्या काळ्या नक्षीचा. दगडाच्या चिरेंत पाणी झिरपून ही नक्षी उमटते. ती हुबेहूब नेच्याच्या पानासारखी किंवा माशाच्या कांट्यासारखी असते. तिच्यांत कोणताहि जीव कधींच नव्हता. दोहोंतील भेद साधा आहे: मँगनीजची नक्षी झाडाच्या फांद्यांप्रमाणें फुटत जाते, माशाच्या कांट्याचे मणके मात्र एकामागें एक, मोजून घ्यावे असे, सारख्या अंतरावर असतात.

परंतु शिलारसाच्या दोन लोटांमध्यें कधीं कधीं हजारों वर्षांचा विसांवा पडे. त्या विसांव्यांत तळीं साचत, त्यांत शिंपले, बेडूक, कासवें, मासे नांदत, आणि पुढचा लोट आला म्हणजे तें सारें त्याच्याखालीं गाडलें जाई. कामोठ्यापासून आगगाडीच्या वाटेवर असलेल्या मुंबईंतच असा एक थर आहे. वरळीच्या टेंकडीखालच्या काळ्या, पातळ पापुद्र्यांच्या दगडांत चिमुकले बेडूक सांपडले, आणि १८४७ सालीं रिचर्ड ओवेन ह्या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानें त्यांस ‘राना पुसिला’ असें नांव दिलें. राना म्हणजे बेडूक व पुसिला म्हणजे इवला. पुढें १९३० मध्यें ह्या बेडकाचा गण निराळा ठरून त्याला ‘इंडोबॅट्राकस’ असें नवें नांव मिळालें. मुंबईच्या भूमींत मनुष्याचें पाऊल पडण्यापूर्वीं कोट्यवधि वर्षें तेथील तळ्यांत हे बेडूक डरांव डरांव करीत होते, ही गोष्ट वरळीच्या रस्त्यानें रोज जाणाऱ्या किती लोकांस ठाऊक असेल?

माशांसाठीं मात्र वऱ्हाड-नागपुराच्याहि पुढें जावें लागतें. ह्या शोधाची कथा स्टीफन हिस्लॉप ह्या स्कॉटिश मिशनऱ्याभोंवतीं फिरते. तो १८४५ च्या सुमारास नागपुरास आला. धर्मप्रसार व शाळा हें त्याचें काम. दगड हा त्याचा फावल्या वेळचा छंद. नागपुराजवळच्या टाकळीच्या बाजूस फिरतांना त्याला व त्याचा सोबती रॉबर्ट हंटर ह्याला शिलारसाच्या थरांमध्यें गोड्या पाण्यांतले शिंपले दिसले, आणि मग दोघांना वेडच लागलें. १८५५ सालीं त्यांनीं नागपूर परिसराच्या भूगर्भावर व अश्मीभूत अवशेषांवर लिहिलेला निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकांत छापून आला. १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळें पाहून परत येत असतां ओढ्याच्या पुरांत हिस्लॉप बुडाला. त्याचें वय तेव्हां सेहेचाळीस वर्षांचेंहि पुरें झालेलें नव्हतें. त्याच्या नांवाचें महाविद्यालय आज नागपुरांत आहे; परंतु त्यानें जमविलेल्या पुष्कळ वस्तु लंडनलाच गेल्या.

चंद्रपूर जिल्ह्यांत वरोऱ्याजवळ डोंगरगांव म्हणून खेडें आहे. तेथील मातकट थरांत मासे सांपडले, आणि १९०८ मध्यें आर्थर स्मिथ वुडवर्ड ह्यांनीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांपैकीं एका माशाला त्यांनीं ‘इओसेरॅनस हिस्लोपी’ असें नांव देऊन त्या बुडालेल्या मिशनऱ्याची आठवण ठेविली. दुसरा मासा ‘लेपिडॉस्टियस इंडिकस’. ह्या दुसऱ्याचे आजचे भाऊबंद, ज्यांना गार म्हणतात, ते अमेरिका खंडाच्या नद्या-सरोवरांखेरीज जगांत कोठेंहि जिवंत उरलेले नाहींत. सुसरीसारखें लांब तोंड आणि चिलखतासारखे खवले असलेला हा मासा एके काळीं वरोऱ्याच्या पाण्यांत पोहत होता.

ह्याहूनहि जुने मासे गडचिरोली जिल्ह्यांत सिरोंच्याजवळ आहेत. प्राणहितेच्या कांठीं कोटा नांवाचें खेडें आहे. तेथील चुनखडीच्या फरशांत सुमारें सतरा-अठरा कोटी वर्षांपूर्वींचे मासे मिळतात. त्यांतील एक मासा १८५१ सालीं कर्नल साइक्स ह्यांनीं लंडनच्या विद्वानांपुढें मांडला, व त्याचें वर्णन सर फिलिप एगर्टन ह्यांनीं केलें. त्याचें नांव पडलें ‘लेपिडोटस डेक्कनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा लेपिडोटस. निबंधाच्या मथळ्यांत मासा ‘दख्खनच्या पठारावरील’ एवढेंच म्हटलें आहे. पठार केवढें आणि कोटा केवढें! सुदैवानें गांवाचें नांव आंत नमूद झालें, नाहीं तर पुढच्या संशोधकांना सातारा-सोलापूरपर्यंत दगड फोडीत हिंडावें लागलें असतें.

हे साइक्स मोठे गमतीदार गृहस्थ होते. मुंबई सरकारच्या चाकरींत असतांना त्यांनीं दख्खनची पाहणी केली व येथल्या नद्यांतील जिवंत माशांवरहि ग्रंथलेखन केलें. आपल्या लोकांनीं सांगितलेलीं मराठी नांवें त्यांनीं शास्त्रीय नांवांत घातलीं. त्यांमुळें रोहटी ह्या साध्या माशाचें नांव ‘रोहटी’ म्हणूनच प्राणिशास्त्राच्या लॅटिन यादींत जाऊन बसलें आहे. जिवंत माशांचा जाणकार असल्यामुळेंच दगडांतल्या माशाचें मोल त्यांना कळलें असावें.

कोट्याच्या ह्या फरशांतून पुढें आणखीहि पुष्कळ निघालें. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे सोहनलाल जैन ह्यांनीं १९७४ सालीं तेथील एका माशाला ‘इंडोसीलॅकॅंथस’ असें नांव दिलें. सीलॅकॅंथ हें कूळ दानवसरड्यांबरोबरच नष्ट झालें असें शास्त्रज्ञ समजून चालले होते. तें १९३८ च्या डिसेंबरांत दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका मच्छीमार बोटीच्या जाळ्यांतून जिवंत वर आलें! तेथील लहानशा संग्रहालयाच्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर ह्या तरुण अधिकारी बाईंनीं मासळीच्या ढिगांतला तो निळसर मासा ओळखीचा नाहीं एवढें ओळखलें, व तो कुजूं दिला नाहीं. आपणांस ठाऊक नसलेली वस्तु ठाऊक नाहीं हें ध्यानांत येणें, एवढीच पुष्कळदां शोधाची पहिली पायरी असते.

आतां ओळखण्याविषयीं. अश्मीभूत मासा क्वचितच अख्खा मिळतो. बहुधा हातीं येतो तो एखादा खवला, दांत, मणका किंवा पराचा कांटा. लुई अगासी हा स्विस पंडित १८३३ पासून दहा वर्षें अश्मीभूत माशांवर आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध करीत होता. त्यानें माशांची वर्गवारीच मुळीं खवल्यांवरून केली. ती वर्गवारी आज मागें पडली आहे. परंतु खवल्यांचे त्याचे चार प्रकार ओळखीच्या कामीं अजून उपयोगी पडतात, आणि त्यांतले तीन पनवेलच्या मासळीबाजारांत एका फेरींत शिकतां येतात. मुशीच्या अंगावरून शेंपटाकडून डोक्याकडे हात फिरवावा. कानशीप्रमाणें खरखर लागते. ते बारीक दांतांसारखे खवले हा पहिला प्रकार. रोहू किंवा कटला ह्यांचा खवला वाटोळा, गुळगुळीत कडेचा व पातळ असतो, हा दुसरा. जिताड्याचा खवला बोटांत धरला तर त्याची मागची कड फणीच्या दांतांसारखी बोंचते, हा तिसरा. कोळणीनें फेंकून दिलेले हे खवले घरीं आणून धुवावे, वाळवावे आणि भिंगाखालीं पाहावे. बाजारांतून आणलेल्या माशाचा कांटाहि फेंकूं नये. कोणता पर कोणत्या मणक्यापाशीं सुरू होतो, शेंपटाचीं दोन टोंकें सारखीं आहेत कीं वरचें लांब आहे, हें सारें जेवणाच्या ताटांतसुद्धां पाहतां येतें. घरांतील मंडळी कुरकुर करतील, त्यास इलाज नाहीं.

चौथा प्रकार मात्र कोंकणांतल्या कोणत्याहि बाजारांत मिळावयाचा नाहीं. तो खवला शंकरपाळ्याच्या आकाराचा, जाड, आणि वरून दांताच्या लुकणासारखा चकाकणारा असतो. शेजारचे खवले एकमेकांत अडकून माशाभोंवतीं चिलखत तयार होतें. कोट्याच्या लेपिडोटसाचे खवले ह्या जातीचे आहेत, आणि म्हणूनच ते कोट्यवधि वर्षें टिकले. दगडाच्या तुकड्यावर अशा चार-पांच चकाकत्या शंकरपाळ्या ओळीनें बसलेल्या दिसल्या, तर त्या माशाच्या आहेत ह्यांत जाणत्याला फारशी शंका राहत नाहीं. तो मासा नेमका कोणता, हें ठरवावयाला मात्र कवटीचीं हाडें व दांत पाहावे लागतात, आणि तें काम तज्ज्ञांचें आहे. छंदी मनुष्यानें ‘लेपिडोटसासारखा’ एवढें लिहून थांबणें अधिक शहाणपणाचें.

दगडांतून मासा मोकळा करणें हें फार धीराचें काम. हातोडी व छिन्नी दूर ठेवून सुई, भिंग आणि मऊ ब्रश हातीं घ्यावा लागतो. दिवसभरांत नखाएवढी जागा साफ झाली तरी समाधान मानावें. चुनखडींतल्या हाडांसाठीं १९४८ सालीं लंडनच्या संग्रहालयांतील हॅरी टूम्ब्स ह्यांनीं एक नामी युक्ति प्रसिद्ध केली. शिरक्यांत जें आम्ल असतें तेंच पातळ करून दगड त्यांत भिजत ठेवावयाचा. चुना विरघळतो, हाड तसेंच राहतें. मधून मधून दगड बाहेर काढून, स्वच्छ पाण्यांत पुष्कळ वेळ ठेवून, उघडें पडलेलें हाड सरसानें पक्कें करावें लागतें. घाई केली तर दगडाबरोबर मासाहि हातचा जातो, म्हणून नवशिक्यानें पहिला प्रयोग आपल्या उत्तम नमुन्यावर करूं नये.

येथवर सर्व सोज्ज्वळ आहे. खरा वाद आहे तो खरेदी-विक्रीचा.

कित्येक विद्वान् असा व्यापार मुळींच नको म्हणतात. परंतु इतिहास पाहिला तर हें शास्त्र विकणाऱ्यांच्याच खांद्यावर बसून मोठें झालें. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिस गांवीं मेरी ॲनिंग नांवाची सुताराची मुलगी राहत असे. बाप लवकर वारला. समुद्राच्या लाटांनीं ढासळणाऱ्या कड्यांखालीं अश्मीभूत हाडें वेंचावीं व तीं येणाऱ्या-जाणाऱ्यांस विकावीं, हें ह्या घराचें पोट भरण्याचें साधन. १८२९ सालीं तिला एक विलक्षण मासा मिळाला; मुशी आणि पाकट ह्यांच्या मधला वाटावा असा. १८३४ मध्यें अगासी स्वतः लाइमला येऊन तिच्याकडून व तिची मैत्रीण एलिझाबेथ फिल्पॉट हिच्याकडून मासे समजावून घेऊन गेला, आणि पुढें त्यानें दोन माशांना मेरीचें नांव दिलें. ज्या जिऑलॉजिकल सोसायटींत तिच्या मालावर निबंध वाचले जात, तिचे दरवाजे बाईमाणसाला बंद होते. विकणारी ती, म्हणून अडाणी, व विकत घेणारे ते, म्हणून पंडित, असा हिशोब येथें मांडतां येत नाहीं.

इटलींत व्हेरोनाजवळ बोल्का डोंगर आहे. तेथील पांच कोटी वर्षांपूर्वींचे मासे इतके रेखीव कीं त्यांच्या अंगावरील रंगाचे पट्टेसुद्धां कोठें कोठें ओळखूं येतात. तेथील सरदार लोक हे मासे आरशासारखे दिवाणखान्यांत लावीत. १७९७ सालीं नेपोलियनच्या सैन्यानें गाझोला नामक सरदाराचा संग्रह उचलून पॅरिसला नेला. लुटींत सोनें-रुपें असतेंच. दगडांतले मासे लुटून नेणारा विजेता विरळा.

अमेरिकेंत वायोमिंग संस्थानांत एका प्राचीन सरोवराचा तळ आहे. तेथील नाइटिया नांवाचा वीतभर लांबीचाहि नसलेला मासा इतक्या अमाप संख्येनें निघतो कीं जगांतील बहुतेक छंदी लोकांचा पहिला नमुना तोच असतो. मुंबईंतहि कोणाच्या टेबलावर पिवळसर फरशीवरचा तपकिरी मासा दिसला तर तो बहुधा नाइटियाच समजावा. खाजगी खाणवाले तो राजरोस विकतात. सरकारी जमिनींत मात्र परवाना लागतो. सर्रास मिळणारे मासे खोदणाऱ्यानें ठेवावे, दुर्मिळ निघेल तें राज्याचें, असा तेथील नियम. ह्या नियमांत व्यवहाराचें शहाणपण आहे. ब्राझीलनें ह्याच्या उलट टोंक धरलें: १९४२ च्या हुकुमानें तेथील सर्व जीवाश्म राष्ट्राची मालमत्ता ठरले. तरीसुद्धां आरारिपे पठारावरचे मासे, गोट्यांसारख्या दगडांत मिटलेले, चोरून परदेशीं जातच राहिले. बाहेर गेलेलें सर्वच परत येत नाहीं. तथापि २०२३ सालीं जर्मनीनें ‘उबिराजारा’ नांवाच्या एका दानवसरड्याचे अवशेष ब्राझीलला परत केले.

जेथें विक्री तेथें लबाडी आलीच. अर्ध्या माशाला दुसऱ्या माशाचें शेंपूट चिकटवितात, पुसट पर रंगानें ठळक करतात, कधीं अख्खा मासा दगडावर कोरून वर तपकिरी रंग देतात. कापसाला स्पिरिट लावून कोपऱ्यांत हळूच पुसावें. रंग असल्यास कापसावर उतरतो. भिंगाखालीं चिकटणाचे बुडबुडे दिसतात. फारच सुंदर, फारच सुबक आणि फारच स्वस्त, असे तीन गुण एकत्र आले तर हात मागें घ्यावा. पंडितांनींहि गाफील राहूं नये. डोंगरगांवचे मासे अचूक ओळखणारे तेच वुडवर्डसाहेब, ज्यांनीं ब्रिटिश म्युझियमच्या अश्मीभूत माशांची चार खंडांची सूचि लिहिली, ते १९१२ सालीं पिल्टडाउनच्या बनावट कवटीला भुलले. मनुष्याची कवटी व माकडाचा जबडा जोडून केलेली ती फसवणूक १९५३ मध्यें उघडकीस आली, तेव्हां ते हयात नव्हते. सबंध आयुष्य माशांत गेलें. नांव मात्र बहुतेकांना त्या कवटीमुळें माहीत.

परंतु ह्या सर्वांहून मोठी हानि खोट्या माशानें होत नाहीं. ती होते खऱ्या माशाची चिठ्ठी हरवल्यानें, किंवा खोटी चिठ्ठी लावल्यानें. दगड कोणत्या गांवीं, कोणत्या नाल्यांत, जमिनीपासून किती खोल, कोणत्या थरांत, कोणत्या दिवशीं व कोणाला मिळाला, एवढी माहिती त्याच्यासोबत नसेल, तर कोट्याचा मासा काय आणि बाजारांतून आणलेला दगडी पाटा काय, शास्त्राच्या लेखीं दोन्ही सारखेच मुके. १९८९ सालीं जॉन टॅलेंट ह्या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञानें ‘नेचर’ ह्या साप्ताहिकांत दाखवून दिलें कीं हिमालयांत सांपडले म्हणून वर्षानुवर्षें छापून आलेले कित्येक जीवाश्म वस्तुतः दुसऱ्याच देशांतले होते. जीवाश्म खरे, गांव खोटें. त्यावर विसंबून काढलेले हिमालयाचे नकाशे आणि अनुमानें पुन्हां तपासण्याची पाळी कितीतरी प्रामाणिक लोकांवर आली.

ह्याच्या उलट उदाहरण डोंगरगांवाच्या शेजारच्या पिसदुऱ्याचें आहे. तेथील शेतांत दानवसरड्यांच्या हाडांबरोबर अश्मीभूत शेणाचे गोळे मिळतात. ते दिसावयास ओबडधोबड. छंदी लोक एकदां हंसतात व खिशांत टाकतात. १९३९ सालीं मॅटली ह्यांनीं त्यांचें वर्णन लिहिलें. गांव ठाऊक, थर ठाऊक, काळ ठाऊक. म्हणून २००५ सालीं वंदना प्रसाद, अशोक साहनी व त्यांचे सहकारी ह्यांनीं ते गोळे सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले, तेव्हां आंत गवताचे सिकतामय कण दिसले, आणि दानवसरड्यांच्या काळींहि भूमीवर गवत उगवत होतें हें जगाला मान्य करावें लागलें. तोंवर समजूत अशी होती कीं गवत त्यानंतर आलें. तोच गोळा चिठ्ठीवांचून कोणाच्या दिवाणखान्यांत कागदावर ठेवलेला असता, तर त्याची किंमत विकत घेणाऱ्यानें दिलेल्या पैशांपुरतीच राहिली असती.

महाराष्ट्रांत मासे शोधूं पाहणाऱ्यानें कांहीं गोष्टी आधीं ध्यानांत घ्याव्या. सिरोंच्याचा मुलूख पुष्कळसा जंगलाचा आहे, आणि १९२७ च्या वन अधिनियमाप्रमाणें जंगलांतला दगडहि वनोत्पन्नांत मोडतो. राखीव वनांतून तो परवानगीवांचून उचलणें हा गुन्हा होय. तेथें वडधम येथें आतां जीवाश्म उद्यान केलेलें आहे. पाहावें, रेखाटावें, छायाचित्र घ्यावें, दगड मात्र जागच्या जागीं सोडावा. शेतांत कांहीं दिसलें तर शेतकऱ्यास विचारल्याशिवाय हात लावूं नये. नवीन वाटणारा नमुना मिळाल्यास नागपूर येथील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कचेरीला किंवा विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागाला कळवावें. केंद्र सरकारनें २०२२ सालीं भूवारसास्थळें व भू-अवशेष ह्यांच्या जतनासाठीं एका विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यांत सर्व सत्ता सरकारी खात्याच्या हातीं जाते अशी तक्रार कांहीं शास्त्रज्ञांनीं केली. ती अगदींच निराधार नाहीं; कारण हिस्लॉप, साइक्स, मेरी ॲनिंग ह्यांच्यांपैकीं कोणीहि दगडांचा सरकारी अधिकारी नव्हता. सर्व दारें बंद केलीं तर चोर राहतील आणि छंदी लोक जातील.

ज्याला संग्रहच करावयाचा आहे, त्यानें परदेशांतील खुल्या खाणींतले साधे मासे पावतीसह घ्यावे. आपल्याजवळ एकाच जातीचे दोन असतील तर दुसऱ्या छंदी मनुष्याशीं अदलाबदल करावी. खाणीचें नांव विचारावें. विकणारा तें सांगूं शकत नसेल तर पुढें भाव विचारूं नये. दगडाच्या पाठीवर लहानसा पांढरा ठिपका देऊन त्यावर शाईनें आंकडा घालावा आणि तोच आंकडा वहींत लिहून समोर सारी हकीकत नोंदवावी. चिठ्ठी वेगळी होते, उंदीर खातो, पावसाळ्यांत कसर लागते. दगडावरचा आंकडा टिकतो.

अदलाबदलीचा विषय निघाला म्हणून पुन्हां त्या एगर्टनसाहेबांकडे वळूं, ज्यांनीं कोट्याच्या माशाचें वर्णन केलें. त्यांचा व लॉर्ड कोल ह्यांचा, जे पुढें एनिस्किलनचे अर्ल झाले, ऑक्सफर्डमध्यें स्नेह जमला. दोघांनाहि एकच वेड. १८३० च्या सुमारास दोघे युरोपभर हिंडून अश्मीभूत मासे विकत घेऊं लागले. माशाची फरशी फोडली म्हणजे पुस्तक उघडावें तसे तिचे दोन भाग होतात. एकावर मासा, दुसऱ्यावर त्याचा ठसा. शक्य असेल तेथें एगर्टन एक भाग घेत व कोल दुसरा. पन्नास वर्षें असें चाललें. एकाच माशाची डावी बाजू चेशायरच्या एका वाड्यांत, तर उजवी आयर्लंडमधील दुसऱ्या वाड्यांत. अर्लसाहेबांची दृष्टि उतारवयांत गेली; एगर्टन १८८१ सालीं वारले. त्यानंतर लवकरच दोन्ही संग्रह ब्रिटिश म्युझियमनें विकत घेतले. प्रत्येक तुकड्यावर गांव व खाण लिहिलेली असल्यामुळें कारकुनांस फारसा त्रास पडला नाहीं. लंडनच्या त्या कपाटांत अर्ध्या अर्ध्या फरशा एकमेकींशेजारीं मांडल्या गेल्या.